सत्तरजणींच्या रांगेत एक जागा

मुळशीच्या काठावर उभं राहून भाजलेलं कणीस खाताय ना? मग संपवा लवकर. जिथं निघालोय तिथं वाटेत काही खायला मिळेलच, असं नाही.

आता समोरचं पाणी हटवा. सगळंच्या सगळं. साल 1905, जून सरत आलाय आणि हे धरण व्हायला अजून बराच अवकाश आहे. मघाशी लाटा होत्या तिथं खाली खोऱ्यात शेतं दिसू लागतात. भाताची रोपं वीतभर झालीत, पाठीवर इरली घेतलेल्या बाया बांधांवरून लगबगीनं चालल्यात, गवताच्या छपरांतून ओल्या सरपणाचा धूर झिरपतोय. तुमचे पाय घोट्यापर्यंत चिखलात आहेत. पावसाचा आवाज इतका सतत आहे की थोड्या वेळानं तो ऐकूच येईनासा होतो. या जमिनी पुढे पाण्याखाली जातील. ते दुःख मोठं आहे, पण ती गोष्ट वेगळी आणि आपली आजची वाट वेगळी.

आपल्याला जायचंय पूर्वेला, केडगावला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात.

एक अट आहे. रात्री मुक्काम मुलींच्या निजायच्या खोलीत करायचा आहे. तेव्हा घरी तुम्ही आजोबा असा नाहीतर कॉलेजातला मुलगा, आजच्यापुरतं जाडंभरडं लुगडं नेसा, केस घट्ट बांधा आणि तिथल्यांतल्याच एक होऊन जा. मोबाईल, घड्याळ, चप्पल इथंच ठेवा.

पौडमार्गे पुण्यापर्यंतचा बैलगाडीचा प्रवास तुमच्या माथी मारत नाही. एवढं लक्षात ठेवा, की पाठीचा कणा त्या गाडीत मोजून घेता येतो. पुण्याहून आगगाडी. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर तुमच्या एका बाजूला कोंबड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला विडी ओढणारे आजोबा आणि समोर कडेवरचं पोर सांभाळत भाकरी मोडणारी बाई. इंजिनाच्या कोळशाचे कण डोळ्यांत जातात, चोळू नका, आणखी लाल होतील. लोणी, उरुळी, यवत. प्रत्येक स्टेशनागणिक आभाळ कोरडं होत जातं. मुळशीत अंगावरून निथळणारा पाऊस इथं कुणी पाहिलेलाच नाही असं वाटतं. केडगावला उतरता तेव्हा अंगावरचं लुगडं वाळलेलं असतं आणि तोंडात धूळ करकरते. बाभळी, काळी तापलेली माती, आणि वारा इतका की पदर दातांत धरावा लागतो. वर ढग येतात, जातात. सगळा गाव वर बघत बसलाय.

स्टेशनापासून चालत या. आधी विहिरी लागतात, मग झाडं, मग भिंत. फाटकातून आत शिरलात की आवाजच तुम्हाला ओढून नेतो. एकीकडे हातमागांची खटखट, एकीकडे जात्यांची घरघर, पलीकडे गाई हंबरताहेत, कुठंतरी शंभरेक पोरी एका सुरात पाढे म्हणताहेत. करडईच्या तेलाचा वास, शेणाचा वास, भल्या मोठ्या चुलींवर भाजल्या जाणाऱ्या ज्वारीच्या भाकरीचा वास. या सगळ्यांतून वाट काढत येणारा एक वास तुम्हाला चटकन ओळखता येत नाही. तो छापखान्याच्या शाईचा. इथल्या मुली खिळे जुळवतात, छापतात, पानं दुमडतात, शिवतात. ज्यांना पाच-सहा वर्षांपूर्वी अक्षरओळख नव्हती त्या आज शिशाची उलटी अक्षरं सुलट वाचतात. जरा थांबून बघा ते. बोटं काळी झालेली एक पोरगी ओळ लावते आहे, ओठ हलताहेत, चुकलेला खिळा चिमट्यानं काढून दुसरा बसवते आहे, आणि तुम्ही बघताय हे तिच्या गावीही नाही.

पुढे बर्तीमी सदन. शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावानं चालणारं, दृष्टी नसलेल्या बायांचं घर. रमाबाईंची लेक मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली आणि तिनं ती इथं शिकवली. एक बाई उंबऱ्यात बसून मांडीवरच्या जाड कागदावर बोटं फिरवते आहे आणि चारजणी तिच्याकडे तोंड करून ऐकताहेत. वाचणारी आंधळी, ऐकणाऱ्या डोळस.

आवारात दीड-दोन हजार माणसं आहेत, बहुतेक बाया आणि मुली. कुणी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, कुणी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून. कुणी बालविधवा, कुणी टाकलेल्या, कुणी बाजारातून सोडवलेल्या. मराठी, हिंदी, गुजराती, कानडी एकाच विहिरीवर ऐकू येते. तुम्हाला जी सोबत मिळते ती पंधरा-सोळा वर्षांची गुजराती मुलगी. तिचं नाव विचारू नका. ती माझ्या मनातली आहे, पण तिच्यासारख्या इथं शेकड्यांनी आहेत. ती मराठी बोलते, पण 'ळ'वर जरा जास्तच जोर देऊन. आपल्या दुष्काळाला ती 'छपनियो' म्हणते, संवत 1956 चा म्हणून. त्याबद्दल दुसरं काही सांगत नाही. तिच्या दंडावर पाण्याच्या डोहासारखा एक खोलगट व्रण आहे, तेवढा दिसतो.

"चला ताई, घंटा होईल," ती म्हणते आणि तुमचं मनगट धरून चालायला लागते.

ही घंटा कसली, ते कळायला सहा महिने मागे जायला हवं. जानेवारीत बाईंनी मुलींना सांगितलं, की रोज सकाळी एकत्र जमून प्रार्थना करायची आहे, कोण येईल? बाई म्हणजे रमाबाई, इथं त्यांना बाईच म्हणतात. सत्तरेक जणी पुढे आल्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला घरोघरी प्रार्थनेची मंडळं चालली आणि तिथल्या मंडळ्या हलून जाग्या झाल्या, ते बाईंना समजलं होतं. वेल्समधल्या जागृतीची वार्ताही येऊन पोचली होती. आपल्याकडेही असं व्हावं, ही त्यांची तहान. पण मागायचं काय, हे ऐका. स्वतःचा ताप उतरावा, पाऊस पडावा, धान्य यावं, एवढ्यावर ते थांबत नव्हतं. हिंदुस्थानातल्या सगळ्या ख्रिस्ती माणसांचं, आपल्यासकट, खरंखुरं परिवर्तन व्हावं आणि प्रत्येक देशातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा, असं त्या मागत होत्या.

प्रत्येक देशातल्या! ज्यांनी केडगाव स्टेशनापलीकडचं जग आपल्या पायांनी पाहिलं ते फक्त अन्नासाठी, त्या पोरी वेल्समधल्या खाणकामगारांसाठी आणि अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी गुडघे टेकत होत्या. देणग्या तिकडून इकडे येत होत्या, आणि ज्यांच्यासाठी देणग्या येत त्या मुली इकडून तिकडच्यांसाठी मध्यस्थी करत होत्या. मला मुक्तीची थोरवी इथं दिसते. मदत घेणाऱ्यानं खाली बघत बसायचं ही जगाची रीत आहे, आणि बाईंनी या मुलींना मान वर करून दुसऱ्यांसाठी मागायला शिकवलं.

सत्तरजणींत हळूहळू आणखी जणी येऊन मिळत गेल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी रोज दोनदा जमू लागल्या. तुम्ही नेमक्या त्या दिवसांत आला आहात.

दालनात बाकं नाहीत. फरशीवर मांडी घालायची, मग गुडघ्यांवर यायचं. शेजारणीचा खांदा तुमच्या खांद्याला लागलेला, तिच्या केसांतलं तेल तुमच्या नाकाशी, मागच्या रांगेतलं पोर तुमच्या पदराचा शेव चोखतंय. साडेपाचशे अंगांची ऊब आहे आणि वारा मात्र बाहेरच. घाम पाठीवरून ओघळत कमरेशी थांबतो. तुमची सोबतीण कनवटीतून कागदाची चिठ्ठी काढते. तिच्यावर नावं आहेत. कुणा पाळकाचं, कुणा शिक्षिकेचं, पलीकडच्या वाडीतल्या कुणाचं, आणि दोन-तीन इंग्रजी नावं देवनागरीत लिहिलेली, जी ती दर वेळी वेगळी उच्चारते. नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, त्या माणसासाठी मागायचं, मग पुढचं नाव. घाई केली तर कोपरानं ढोसते. "अहो, माणूस आहे तो," म्हणते.

चिठ्ठीच्या तळाशी एका नावाशी ती अडते. कागद दुमडते, उलगडते, पुन्हा दुमडते.

हे नाव तुमच्यापासून दोन चटया सोडून झोपणाऱ्या मुलीचं आहे. तिनं हिची फणी घेतली. लाकडी फणी, दोन दात तुटलेली. ज्यांचं सगळं दुष्काळात गेलं त्यांच्याकडे स्वतःची म्हणून एखादीच वस्तू असते, आणि ती गेली तर काय होतं हे आपल्याला घरात बसून समजायचं नाही. महिनाभर दोघी बोललेल्या नाहीत. वेल्सच्या माणसासाठी प्रार्थना करणं सोपं आहे हो. तो काही रात्री शेजारी कुशीला झोपत नाही.

दिवेलागणीनंतर भाकरी, वरण, कांदा. मग अंथरुणं. लांबच लांब खोली, ओळीनं चटया, चटईला चटई लागलेली. कोपऱ्यात रॉकेलचा कंदील वात बारीक करून ठेवलाय. कुणी खोकतं, कुणी झोपेत गुजरातीत बडबडतं, कुणी उशाशी हात घेऊन अजून पुटपुटतंय. जमीन तापलेली आहे, खालून ऊब येते. डास आहेत. झोप लागायची नाही असं म्हणता म्हणता लागते.

पहाटेचे साडेतीन.

कुणाच्या तरी पायाचा धक्का बसून तुम्ही दचकून उठता. कुणी तरी धावतंय, चटयांवरून, माणसांवरून. कंदिलाच्या उजेडात दिसतं, की एक मुलगी पाण्याची बादली घेऊन परत येते आहे, पाणी हिंदकळून सगळ्यांच्या पायांवर सांडतंय, आणि ती बादली ती आपल्या शेजारणीवर ओतणार, इतक्यात तिचे हात थबकतात.

पुढे मुक्तीतल्या अमेरिकन सेविका मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवला. गावोगाव शुभवर्तमान घेऊन जायला स्वतःहून नावं दिलेल्या तीसेक मुली होत्या, त्यांतलीच ही एक. प्रार्थना करता करता तिला आतून अग्नी भरल्यासारखं झालं. शेजारी झोपलेलीला जाग आली तर तिला ही ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती खोलीच्या पार टोकाला पळाली, पाणी घेऊन आली, आणि ओतायच्या क्षणी तिच्या ध्यानात आलं की ही जळत नाहीये.

त्या ज्वाळांबद्दल लोक वाद घालत आलेत. विश्वास ठेवणाऱ्यांना पेंटेकॉस्टच्या दिवसाची आठवण होते, शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्या त्या दिवसाची. तुम्ही मात्र आता ओल्या पायांनी तिथंच उभे आहात, तर त्या बादलीवाल्या मुलीकडे बघा. तिची छाती भात्यासारखी वरखाली होतेय. अर्धवट झोपेत, अंधारात, विचार करायला उसंत नसताना ती दुसरीसाठी धावली. या मुली जे सहा महिने गुडघ्यांवर शिकत होत्या ते तिच्या पायांत उतरलं होतं.

घटकाभरात सगळ्या खोल्यांतून मुली येऊ लागतात. अंगणात, पडवीत, दारांत. कुणी रडतंय, कुणी मोठ्यानं आपली पापं कबूल करतंय, कुणी नुसतंच 'प्रभू, प्रभू' म्हणतंय. उजाडेपर्यंत तुमचा आवाज बसलेला असतो आणि तुम्ही कधी बोलायला लागलात ते तुम्हाला आठवत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही पुन्हा त्या फरशीवर आहात. समोर रमाबाई. पहिल्यांदाच जवळून दिसताहेत. पांढरं साधं वस्त्र, आखूड केस, ठेंगणी मूर्ती, आणि डोळे असे की मागच्या रांगेतल्यालाही आपल्याकडेच बघताहेत असं वाटावं. वय सत्तेचाळीस. एकेकाळी कलकत्त्याच्या पंडितांनी यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. त्याआधी दुष्काळात अन्नाविना भटकताना वडील, आई, बहीण एकामागून एक गेलेली त्यांनी पाहिली होती. या दालनातल्या पोरींच्या व्रणांचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या स्वतः शांत, सावकाश बोलतात. आज योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय चाललाय. व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या बाईची गोष्ट त्याच अध्यायात आहे, दगड हातात घेऊन उभे असलेल्यांची. अवतीभोवती बघा. या गोष्टीत आपण कुठं उभ्या होतो, हे इथल्या कितीजणींना माहीत असेल.

बाईंचं बोलणं चालू असतानाच मधल्या रांगेतून एक आवाज येतो. मग दुसरा. मग एकदम सगळे.

याची कल्पना घरी बसून करता येत नाही, म्हणून तर तुम्हाला आणलं. सगळ्याजणी एकाच वेळी, मोठ्यानं, आपापल्या भाषेत प्रार्थना करताहेत. कुणी कुणासाठी थांबत नाही. मराठीतली हाक गुजरातीतल्या हुंदक्यावर चढते, कानडी मधूनच उसळते, चिमुरड्या पोरी किंचाळतात, अंध बाया हात वर करून डोलतात. आवाज छताला जाऊन आदळतो आणि पुन्हा अंगावर येतो. तुमच्या बरगड्यांत तो थरथरतो. फरशीवर ठेवलेल्या तळहातालाही तो कळतो. वर्गात जसं शांत बसायला शिकवलं तसं कुणी बसलेलं नाही. बाईंना आपलं बोलणं थांबवावं लागतं. त्या थांबतात. आणि कुणालाही गप्प करत नाहीत.

त्यांनी त्या वेळी कुणाला गप्प केलं नाही, यासाठी मला रमाबाईंबद्दल नितांत आदर वाटतो. हा गोंधळ अनेक सुशिक्षित ख्रिस्ती लोकांना रुचला नाही. हे शोभत नाही, असं म्हणणारे मिशनरीही होते. पुढे बाईंनी आपल्या 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रकातून मुलींची बाजू घेतली. हिंदुस्थानातल्या माणसांना त्यांच्या रीतीनं रडू द्या, गाऊ द्या, परदेशी शिस्तीचं माप त्यांना लावू नका, असा त्यांचा रोख होता. टाळ्या वाजवत, डोलत भजनं म्हणणाऱ्या मुलींमध्ये त्यांना काही वावगं दिसलं नाही.

आणि एकीचं म्हणाल, तर ती इथं याच गलक्यात आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेजला अँग्लिकन मंडळीत झाला. पण परदेशात त्यांना हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन, क्वेकर असे इतके पंथ भेटले की डोकं भणाणून गेलं, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. जातींच्या भिंतींतून बाहेर पडलेल्या बाईला इथंही भिंती दिसाव्यात! त्यांनी मग एका पंथाच्या दावणीला स्वतःला बांधून घेतलं नाही. मुक्तीत मेथडिस्ट मिनी अब्राम्स राबत होत्या, जवळच दौंडला आल्बर्ट नॉर्टन यांचं मुलांचं आश्रयगृह होतं, पुण्यात सुंदराबाई पवार यांचं काम होतं. प्रभुभोजन कसं घ्यावं आणि बाप्तिस्मा किती पाण्यात द्यावा, यावर या सगळ्यांना एकत्र बसवलं असतं तर रात्र सरली असती. गुडघ्यांवर मात्र ते सहज एकत्र येत. येशूनं पकडला जाण्याच्या रात्री आपल्या लोकांसाठी बापाजवळ हेच मागितलं होतं, की त्या सगळ्यांनी एक व्हावं. मतं एक व्हावीत असं त्यानं तिथं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता परत आपल्या रांगेत बघा. तुमची सोबतीण जागेवर नाही. दोन रांगा पलीकडे एक मुलगी गुडघ्यांत डोकं घालून रडते आहे आणि हुंदक्यांमधून एकच गोष्ट सांगते आहे: मी घेतली, मी घेतली. तुमची सोबतीण तिच्यासमोर बसलेली. आधी नुसतीच बसते. मग तिच्या तोंडून ते नाव निघतं, जे तिच्या चिठ्ठीच्या तळाशी होतं, आणि ती ते देवाला सांगते आहे की त्या मुलीला, हे तुम्हाला कळत नाही. फणी मिळते. दोन दात आधीच तुटले होते, आता तिसराही गेलेला आहे. त्यावरून दोघींची लगेच पुन्हा जुंपते, आणि मग त्या हसायला लागतात. रडून सुजलेल्या तोंडानं इतकं मोठ्यानं हसतात, की आजूबाजूच्याही हसतात.

त्या दिवसांत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. रात्रंदिवस प्रार्थना चालू राहिली, भाकऱ्या करणाऱ्याही पाळीपाळीनं येत आणि पिठाचे हात तसेच जोडत. मग मुलींच्या टोळ्या बाहेर पडू लागल्या, पुण्याला, आसपासच्या गावांना, इतर मिशनांच्या शाळांना. मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये या सगळ्याची एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत समुद्रापार चिलीतल्या वालपराइसोला त्यांच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीकडे गेली, मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांच्या पत्नी मे हूवर यांच्याकडे. हूवर दांपत्याच्या मंडळीनं तशीच प्रार्थना सुरू केली, आणि 1909 मध्ये तिथं जी जागृती झाली तिच्यातून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. केडगावच्या मुली 'प्रत्येक देशासाठी' मागत होत्या तेव्हा त्यांतल्या कुणी चिलीचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

तुमची गाडी आहे थोड्या वेळात, पण सोबतीण सोडायला तयार नाही. तिनं कोरा कागद आणलाय, छापखान्यातल्या कापणीतली लांबट पट्टी, आणि कुणाकडून तरी बोरूही. विहिरीच्या कठड्यावर ती फतकल मारून बसते आणि तुम्हाला समोर बसवते. तुमच्याकडची नावं तिला हवी आहेत. तुम्ही म्हणता, सगळ्यांसाठीच करा ना प्रार्थना, सगळ्यांचं भलं होऊ दे. ती मान हलवते. असं चालत नाही म्हणते. सगळे म्हणजे कुणीच नाही, नाव सांगा.

तुम्ही आईचं सांगता. मग मुलांचं. मग आजारी असलेल्या एका मित्राचं. ती सावकाश लिहिते, र्‍हस्व-दीर्घ विचारते, आडनाव विचारते. तुमच्या मंडळीतल्या पाळकांचं नाव लिहून घेते, आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकांचंही, ज्यांच्याकडे तुमचं जाणं-येणं नाही.

"आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याचं?"

तुम्ही विहिरीत बघता. ती बोरू दौतीत बुडवून थांबून राहते. तिला घाई नाही, आणि पट्टीवर खाली अजून बरीच जागा आहे.